न बोलावलेले पाहुणे

मुलांनो, तुमच्या घरात किती जण राहतात? तुम्ही लगेच बोटे मोजू लागाल. अब्बा, अम्मी, दादी, भाऊ, बहीण. रेशनकार्डावर जितकी नावे, तितकी माणसे. उत्तर सोपे आहे, पण ते पुरे नाही. भिंतीवरच्या पालीचे नाव कोणत्या कार्डावर आहे? माळ्यावर रात्री खुडबुड करणारा उंदीर, मोरीच्या कडेने तुरुतुरु पळणारी चिचुंद्री, वळचणीला उलटे लटकणारे वटवाघूळ, यांची नावे कोणी लिहून घेतली? आपण त्यांना बोलावलेले नसते. ते भाडे देत नाहीत. तरीही ते राहतात. आणि कधी कधी त्यांच्या मागोमाग असा एखादा पाहुणा येतो, की त्याला पाहून साऱ्या घराची झोप उडते.

अशा पाहुण्यांविषयी मला आज तुमच्याशी बोलायचे आहे.

माझे बालपण मराठवाड्यातल्या एका खेड्यात गेले. आमचे घर दगडमातीचे होते. भिंती दोन-दोन हात रुंद आणि वर माळवद. माळवद म्हणजे लाकडी तुळयांवर माती पसरून केलेले सपाट छप्पर. घरात एक बळद होते. बळद म्हणजे धान्य साठवायची बंदिस्त, अंधारी खोली. वर्षभराची ज्वारी तिच्यात राहत असे. मागच्या परसात भिंतीला लागूनच सरपणाचा ढीग, गोवऱ्यांची रास आणि कोंबड्यांचे खुराडे होते. आता तुम्हीच सांगा, उंदराला याहून चांगला वाडा कुठे मिळणार? राहायला भिंतीतले बीळ आणि खायला बळदातली ज्वारी! उंदीर आले आणि सुखाने नांदू लागले. जिथे उंदीर, तिथे साप. तोही एक दिवस आलाच.

पावसाळ्याचे दिवस होते. संध्याकाळी अम्मी सूप घेऊन ज्वारी काढायला बळदात गेली आणि किंचाळत बाहेर आली. कोपऱ्यात माणसाहूनही लांब, पिवळसर तपकिरी रंगाचा साप होता. क्षणात गल्ली गोळा झाली. चाचांनी काठी उचलली. कोणी म्हणाले, "ठेचा!" कोणी म्हणाले, "रॉकेल ओता!" तेवढ्यात दादी पुढे आली. दादी दख्खनी बोलत असे. तिचे बोलणे मराठीत सांगायचे तर असे होते : "काठी खाली ठेवा. मुलांना लांब न्या. परसाचे दार उघडा आणि सगळे गप्प बसा."

आम्ही लांब उभे राहून कंदिलाच्या उजेडात पाहत होतो. गलबला थांबला. थोड्या वेळाने साप हलला, भिंतीच्या कडेकडेने सरकला आणि उघड्या दारातून अंधारात निघून गेला. ती धामण होती. धामण बिनविषारी असते आणि उंदीर हे तिचे आवडते खाद्य. पण हे आम्हांला नंतर कळले. त्या वेळी सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला आणि जो तो घरी जायला निघाला. दादी मात्र बळदाच्या दाराशीच उभी होती. ती म्हणाली, "साप गेला ते पाहिलेत. आता तो आला कशाला, ते कोण पाहणार?"

दुसऱ्या दिवशी तिने सारे बळद रिकामे करायला लावले. तळाशी उंदरांची तीन बिळे निघाली. चाचांनी त्यांत दगडाचे तुकडे आणि काचा ठासून भरल्या आणि वरून चुन्याने लिंपून टाकले. सरपण भिंतीपासून दहा पावले दूर नेऊन फळीवर रचले. दोन दिवस सारे घर त्या कामात होते. त्या पावसाळ्यात पुन्हा बळदात साप आला नाही.

मुलांनो, दादीला अक्षरओळख नव्हती. पण तिने विचारलेला प्रश्न फार मोलाचा आहे. घरात एखादे जनावर शिरले की आपण विचारतो, "याला घालवायचे कसे?" दादी विचारत असे, "हा आला कशाला?" पहिल्या प्रश्नाने एक साप जातो. दुसऱ्या प्रश्नाने पुढचे दहा येत नाहीत. जनावर आपल्या घरी भांडायला येत नाही. त्याला अन्न, पाणी, ऊब किंवा आडोसा हवा असतो. यांपैकी काहीतरी आपल्या घरात उघडे पडलेले असते. म्हणजे पाहुण्याला आमंत्रण गेलेले असते आणि ते आपल्याच घरातून गेलेले असते!

साप मुद्दाम माणसाच्या अंगावर येतो, तो सूड घेतो, अशा गोष्टी तुम्हीही ऐकल्या असतील. १९८० साली पुण्यात नीलिमकुमार खैरे या तरुणाने एक धाडस केले. काचेच्या खोलीत बहात्तर विषारी सापांच्या संगतीत तो बहात्तर तास राहिला. छेडले नाही तर साप चावत नाही, हे त्याला लोकांना दाखवायचे होते, आणि त्याने ते दाखवले. पुढे पुण्याजवळ कात्रजला सर्पोद्यान उभारण्यात खैरे यांचाच पुढाकार होता. त्यांची माहिती आणि सराव वेगळा होता, म्हणून तुम्ही-आम्ही सापाच्या जवळ जायचे नाही. पण एवढे ध्यानात ठेवा : साप आपल्याला भितो. वाट मिळाली तर तो निघून जातो.

मग सापापासून धोका नाही का? आहे, मोठा आहे. तोही मी जवळून पाहिला आहे.

मी सातवीत होतो. शेजारच्या घरातला एक मुलगा माझ्याच वर्गात होता. आम्ही शाळेत शेजारी शेजारी बसत असू. ऑगस्ट महिन्यातल्या एका रात्री तो भावंडांबरोबर जमिनीवर सतरंजी टाकून झोपला होता. पहाटे तो उठला आणि पोट दुखते म्हणाला. आईने त्याला ओवा चावायला दिला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या जड झाल्या. त्याला डोळे उघडता येईनात. थुंकी गिळता येईना. बोलणे अस्पष्ट झाले. अंगावर जखम दिसत नव्हती, कुठे सूज नव्हती. कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी शेजारच्या गावातून मांत्रिकाला घेऊन आले. झाडफुंक झाली, धूप झाला. त्यात तीन तास गेले. शेवटी त्याला जीपमधून तालुक्याच्या दवाखान्यात नेले, तेव्हा त्याचा श्वास थांबला होता. दुपारी बायकांनी सतरंजी उचलली. भिंतीलगत एक काळाभोर, चकचकीत साप वेटोळे घालून पडला होता. त्याच्या अंगावर बारीक पांढरे पट्टे होते. ती मण्यार होती.

वर्गातली त्याची जागा कितीतरी दिवस रिकामी होती. तिथे कोणी बसेना.

कोणाला दोष द्यावा म्हणून मी हे सांगत नाही. त्याच्या आईवडिलांना जे ठाऊक होते ते त्यांनी केले. ठाऊक नव्हते ते असे : आपल्याकडे माणसाला जास्तीत जास्त धोका चार विषारी सापांपासून असतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. त्यांपैकी मण्यार रात्री हिंडते. उंदीर, पाली, लहान साप शोधत ती घरात शिरते. जमिनीवर झोपलेल्या माणसाने कूस बदलली आणि ती अंगाखाली सापडली, की चावते. तिचे दात इतके बारीक असतात की पुष्कळदा माणसाला जागही येत नाही. जखम दिसत नाही, दुखत नाही. काही तासांनी पोटात कळ येते, पापण्या मिटू लागतात आणि मग श्वास घेणारे स्नायू दुबळे होतात. म्हणून पावसाळ्यात जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोटदुखीने उठला आणि त्याच्या पापण्या जड होऊ लागल्या, तर ओवा शोधत बसू नये. सरळ दवाखाना गाठावा.

ही एका गावाची गोष्ट नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी अठ्ठावन्न हजार! त्यांतले बहुतेक जण खेड्यांतले होते, आणि निम्मे मृत्यू जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतले होते. गंमत पाहा, यावर औषध नाही असे मुळीच नाही. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या थोड्या प्रमाणात टोचतात. घोड्याच्या रक्तात विषाला मारणारे घटक तयार होतात. त्यांपासून लस बनवतात. मुंबईला परळच्या हाफकिन संस्थेत ही लस तयार होत आली आहे. ती या चारही सापांच्या विषावर चालते आणि सरकारी दवाखान्यांत मिळते. औषध आहे. वेळेवर पोहोचायला हवे, एवढेच.

पुढे मी शिक्षक झालो. दुसऱ्या एका गावी माझ्या वर्गात एक मुलगी होती. तीही अशीच एकदा पहाटे पोट धरून उठली. घरातले लोक ओवा शोधू लागले. तिचा भाऊ आठवीत होता. त्याने शाळेत मण्यारीविषयी ऐकले होते. बहिणीचे डोळे पुन्हा पुन्हा मिटत आहेत, हे त्याने पाहिले आणि तो हट्ट धरून बसला, "काही नको, आधी दवाखाना!" वडिलांनी मोटारसायकल काढली. अर्ध्या तासात ती दवाखान्यात होती. तिला लस दिली, काही दिवस श्वासासाठी यंत्रावर ठेवले. तीन आठवड्यांनी ती वर्गात आली तेव्हा मुलींनी तिच्याभोवती एवढा गराडा घातला की मला हजेरीसुद्धा घेता येईना.

साप चावल्यास काय करावे, ते नीट वाचा. माणसाला धीर द्यावा. त्याला चालू-पळू देऊ नये. चावलेला हात किंवा पाय मोडलेल्या हाडासारखा फळीला सैल बांधून स्थिर ठेवावा. अंगठी, बांगडी, पैंजण काढून ठेवावे, कारण सूज येते. जखम कापू नये, चोखू नये, दोरीने करकचून आवळू नये. साप पकडण्यात वेळ घालवू नये. १०८ क्रमांकावर फोन करून रुग्णवाहिका बोलवावी, किंवा जे वाहन मिळेल त्याने दवाखाना गाठावा.

आता पुन्हा दादीच्या प्रश्नाकडे येऊ. साप उंदरामुळे येतो. मग उंदीर कशामुळे येतो?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे मराठवाड्यात किल्लारीचा भूकंप झाला. हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर आसपासच्या भागांतही भीतीने लोकांनी घरे सोडली. रिकाम्या घरांत धान्य मात्र पडून राहिले. पुढच्या वर्षी, १९९४ च्या ऑगस्टमध्ये, बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर मरून पडू लागले. अंगावर पिसवा दिसू लागल्या. मग माणसांना ताप आला, काखेत आणि जांघेत गाठी आल्या. तो प्लेग होता! रिकाम्या घरांतल्या धान्यावर उंदरांची संख्या वाढली, आणि त्यांच्या पिसवांनी रोग माणसांपर्यंत आणला, असे अभ्यासकांनी सांगितले. सापाला पाहून आपण ओरडतो. उंदराकडे मात्र आपण दुर्लक्ष करतो. खरे तर उघड्या पोत्यातली मूठभर ज्वारी हेच पहिले आमंत्रण असते. उंदीर ते वाचतो आणि त्याच्या मागून साप येतो.

हाच नियम मोठ्या जनावरालाही लागू आहे. जुन्नर परिसरात बिबट्यांचा त्रास वाढला, तेव्हा २००१ ते २००३ या काळात पुष्कळ बिबटे पकडून दूरच्या जंगलांत सोडण्यात आले. त्रास संपेल असे सर्वांना वाटले. झाले उलटेच. ज्या भागांत ते सोडले, त्यांच्या आसपास माणसांवरचे हल्ले वाढल्याचे संशोधकांना आढळले. अनोळखी मुलखात टाकलेले जनावर गोंधळते, घराकडे परतण्यासाठी धडपडते. विद्या अत्रेय यांनी अकोले तालुक्यातल्या बिबट्यांचा बारकाईने अभ्यास केला. तिथल्या बिबट्यांच्या आहारात सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. आणि कुत्री कुठे जमतात? कचऱ्याच्या ढिगाजवळ! म्हणजे गावाबाहेर फेकलेला उकिरडा कुत्र्यांना बोलावतो आणि कुत्री बिबट्याला बोलावतात. ज्या वस्तीत कचरा उचलला जातो, शेळ्या-कोंबड्या रात्री बंद गोठ्यात असतात आणि अंगणात दिवा असतो, तिथे बिबट्याला थांबण्याचे कारण उरत नाही.

माकडांचेही तसेच. पर्यटक गाडीतून केळी आणि बिस्किटे फेकतात. माकडाला वाटते, माणूस म्हणजे खाऊ. मग ते पिशवी ओढते आणि खिडकीतून स्वयंपाकघरात शिरते. आता त्याला चोर म्हणून उपयोग काय? चोरी त्याला आपणच शिकवली.

काही पाहुणे मात्र बाळंतपणासाठी येतात. माळ्यावर रात्री धावपळ ऐकू आली की लोक भूत म्हणून घाबरतात. पुष्कळदा ते उदमांजर असते. ते फळे खाते, उंदीरही खाते आणि माळ्यावर पिले घालते. अशा वेळी घाईने भोक बुजवू नये. पिले आत अडकून मरतात आणि आई वेडीपिशी होते. पिले मोठी होऊन बाहेर पडेपर्यंत थोडे थांबावे. मग एका रात्री सारे बाहेर गेल्याची खात्री करून कौल नीट बसवावे, भोकाला जाळी मारावी. वटवाघळांनाही हाच न्याय. ती रात्री कितीतरी किडे खातात. त्यांना हात लावू नये, धूर करू नये.

कोणतेही जनावर घरात दिसले, तर आधी आपण मागे व्हावे. लहान मुलांना आणि गुराढोरांना दूर न्यावे. जनावराला बाहेर जायला एक वाट मोकळी ठेवावी. ते जात नसेल तर लांबून त्याच्यावर नजर ठेवावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करावा. तिथून मदत मिळते, जाणकार सर्पमित्राशी गाठ घालून देतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सापांसह अनेक प्राण्यांना संरक्षण दिले आहे, त्यांना मारणे गुन्हा आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी हिशेब पाहा. साप मारायला गेलेला माणूस सापाच्या अगदी जवळ जातो. अनेकांना दंश होतो तो तेव्हाच.

मुलांनो, आज संध्याकाळी एक काम करा. वही घ्या आणि घराभोवती एक फेरी मारा. मोरीच्या नळीला जाळी आहे का? दाराखाली बोटभर फट आहे का? धान्याच्या डब्याला झाकण आहे का? सरपण किंवा विटा भिंतीला टेकून आहेत का? रात्रीचे खरकटे कुठे पडते? जिथे जिथे उत्तर चुकीचे येईल, तिथे समजा की आमंत्रण लिहिलेले आहे. ते पुसून टाका. पावसाळ्यात शक्यतो खाटेवर झोपा. खाट नसेल तर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा अंथरुणाखाली नीट खोचा. एवढ्याशा कापडाने डास अडतो आणि मण्यारही अडते. रात्री बाहेर जाताना हातात बॅटरी ठेवा. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका.

आणि शेवटची गोष्ट. तुम्ही वाचलेले तुमच्या घरातल्या सगळ्यांनी वाचलेले नसते. एखाद्या पावसाळी पहाटे तुमच्या घरात, नाहीतर शेजारी, कोणी पोट धरून उठेल. मोठी माणसे घाबरलेली असतील. कोणी ओवा आणील, कोणी मांत्रिकाचे नाव घेईल. त्या वेळी घरातल्या एकाला तरी ठाऊक असले पाहिजे की काय करायचे, आणि ते मोठ्याने सांगायची हिंमत त्याला असली पाहिजे. तो एक जण तुम्ही व्हा.